आप्पांची १०५, माझी ८०-२०० आणि मिररलेस: काय ठेवू, काय विकू?

बोरीकाठचा_फोटोवाला (अमळनेर)

राम राम मंडळी.

लग्नाच्या ऑर्डरी करतो. स्टुडिओ आप्पांचा, आता मी बघतो. सध्या तिथी नाहीत म्हणून डोकं चालवायला वेळ आहे. एकदा तुळशीचं लग्न लागलं की मग जेवायचीही बोंब.

बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा, निकॉन डी७५०, आरशाचा. शटर २ लाख १० हजार फोटोंच्या पुढे गेलं. कंपनीने ते दीड लाखापर्यंत टेस्ट केलेलं, म्हणजे आता जे चाललंय ते वरकमाईचं. कॅमेऱ्याबद्दल तक्रार नाही, पण दोन गोष्टी खटकायला लागल्यात. एक, पार्टीला आता ४के व्हिडिओ पाहिजे. मांडवात नवरदेवाची बहीण मोबाईल पुढे करते नि म्हणते, "दादा, असं रील द्या." डी७५० फुल एचडीच्या वर जात नाही. दुसरं, फोकसचे ५१ पॉइंट सगळे मधोमध दाटीवाटीने बसलेले. नवरी कडेला घेतली की आधी डोळ्यावर फोकस, मग फ्रेम हलवा, तेवढ्यात कोणीतरी तिला पेढा भरवतं आणि ८५ च्या लेन्सवर अ‍ॅपर्चर, म्हणजे उजेड आत घेणारं भोक, १.८ ला मोठं उघडलेलं असलं की डोळ्याऐवजी नथ शार्प येते. मागच्या सीझनला चोपड्याच्या एका लग्नात असे अकरा फोटो गेले. पार्टीला कळलं नाही, मला कळलं.

आता लेन्स. २४-१२० एफ४ ही रोजची भाकर. ८५ १.८ जी. प्लास्टिकची ५० १.८ डी. मग ८०-२०० २.८ डी, दोन रिंगांची, ट्रायपॉड कॉलरवाली. २०११ च्या उन्हाळ्यात सलग एकोणीस लग्नं करून सेकंड हँड घेतली होती. सव्वा किलोच्या वर वजन आहे, वरातीत गळ्यात घालून फिरलो की रात्री मानेला बाम. तरी तिच्यासारखे फोटो दुसऱ्या कशाने येत नाहीत.

आणि शेवटची आप्पांची १०५ २.५, एआय-एस, हाताने फोकस करायची जुनी जात. १९८६ ला आप्पा मुंबईला जाऊन फोर्टातून एफएम२ या रोलच्या कॅमेऱ्यासोबत घेऊन आले, सेकंड हँडच. सखाराम महाराजांच्या यात्रेत बोरी नदीच्या पात्रात काढलेले त्यांचे फोटो अजून स्टुडिओच्या भिंतीवर आहेत, ते याच लेन्सचे. मी ती डी७५० वर लावून पाहिली होती. लागते, मीटरिंगही होतं, पण हाताने फोकस करायचं तर व्ह्यूफाइंडरमध्ये एफएम२ सारखा मधला दुभंगलेला गोल नाही. फोकस बसला की लागणाऱ्या हिरव्या टिपक्यावर भरवसा ठेवायचा आणि घरी येऊन कपाळाला हात लावायचा.

मागच्या महिन्यात मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेला नवा कॅमेरा, बघायला एका मोठ्या शहरातल्या दुकानात सगळं घेऊन गेलो. काउंटरवरच्या पोराने ८०-२०० हातात घेतली, एकदा फिरवली नि म्हणाला, "मिररलेसवर ही चालत नाही. १८ हजार देतो." १०५ कडे बघून म्हणाला, "ही शोकेसमध्ये ठेवा काका." काका! मी एकेचाळीसचा आहे. तिथून बाहेर पडून दुसऱ्या दुकानात गेलो, तर तो म्हणतो अडॅप्टर लावा, सगळं चालतं, काहीच विकू नका.

दोघं तर बरोबर असू शकत नाहीत. बजेट दीड लाख, त्यातले निम्मे दिवाळीनंतर कापूस विकला की. ज्यांनी स्वतः बदल केलाय त्यांनी सांगा. यूट्यूब मीही पाहतो.

पेचकस_धुळे

भाऊ, दोघं अर्धं अर्धं खरं बोलले. मी कॅमेरा-लेन्स रिपेअरिंग करतो, विकत काहीच नाही, तेव्हा माझा स्वार्थ नाही.

८०-२०० उलटी धरा. मागच्या धातूच्या रिंगमध्ये एक बारीक स्क्रू दिसेल, डोक्यावर खाच असलेला. आता डी७५० चं तोंड उघडा. माउंटच्या कडेला पेचकसासारखं एक छोटं पातं दिसेल. लेन्स बसली की ते पातं त्या खाचेत जातं आणि बॉडीतली मोटर ते गरगर फिरवून फोकस करते. तो 'घर्रर्र' आवाज येतो ना, तो हाच. लेन्समध्ये स्वतःची मोटर नाही. तुमच्या ५० डी चंही तेच.

झेडच्या, म्हणजे निकॉनच्या मिररलेसच्या, एकाही बॉडीत ही मोटर नाही. जुन्या लेन्स झेडवर लावायच्या निकॉनच्या एफटीझेड अडॅप्टरमध्ये नाही, २०२१ ला आलेल्या एफटीझेड टू मध्येही नाही. म्हणून या दोन लेन्सचा ऑटोफोकस गेला. २४-१२० आणि ८५ जी यांच्या पोटात मोटर आहे, त्यांचा फोकस जशाचा तसा चालतो, डोळा पकडण्यासकट.

पण 'चालत नाही' हे खोटं. ८०-२०० ची अ‍ॅपर्चर रिंग २२ वर लॉक करा. अ‍ॅपर्चर बॉडीवरून बदलतं, कारण एफटीझेडमध्ये लेन्सची पट्टी ढकलणारा दांडा आहे. मीटरिंग सगळ्या मोडमध्ये. फोकस तेवढा हाताने, आणि बरोबर बसला की फोकसचा चौकोन हिरवा होतो.

अडॅप्टर म्हणजे काय तेही सांगतो, कारण लोकांना वाटतं त्यात काच असते आणि फोटो मऊ येतो. काच नाही, पोकळ नळी आहे. १९५९ च्या एफ माउंटला लेन्सच्या बुडापासून फिल्मपर्यंत ४६.५ मिलिमीटर अंतर लागतं, कारण मध्ये आरसा हलायला जागा पाहिजे. आरसाच काढून टाकल्यावर झेडला १६ मिलिमीटर पुरले. उरलेले ३०.५ मिलिमीटर नळीने भरून काढायचे, एवढंच. म्हणूनच जुनी लेन्स नव्या बॉडीवर बसते, पण झेडची लेन्स डी७५० वर कधीच बसणार नाही. कचऱ्याच्या भावाची बिनकामाची नळी मात्र घेऊ नका. माझ्याकडे येतात त्यातल्या निम्म्या ढिल्या असतात, लेन्स धरली की टकटक वाजते. शिवाय त्यात दांडा नसतो, मग रिंग नसलेल्या 'जी' लेन्सचं अ‍ॅपर्चर बंद ते बंदच.

आता गंमत बघा. तुमच्या घरातली सगळ्यांत म्हातारी लेन्स, आप्पांची १०५, तिचं काहीच जात नाही. तिला ऑटोफोकस होताच कुठे! उलट तिला पहिल्यांदा चांगला व्ह्यूफाइंडर मिळेल. मेन्यूत नॉन-सीपीयू लेन्समध्ये १०५ आणि २.५ भरा, म्हणजे हात हलला तरी फोटो सावरणारं बॉडीतलं स्टॅबिलायझेशन तिलाही लागू होतं. अ‍ॅपर्चर तिच्या रिंगवरून. फक्त हिरवा चौकोन तिला मिळणार नाही, कारण तिच्यात चिप नाही. फोकसची जागा मोठी करून बघायची. मार खाते ती मधल्या पिढीची ८०-२००.

एक सांगून ठेवतो. १०५ चं अ‍ॅपर्चर १६ वर ठेवा आणि मागची पट्टी बोटाने ढकलून सोडा. पाती टचकन मिटली पाहिजेत. आपल्याकडे मे महिन्यात गाडीच्या डिकीत ठेवलेल्या लेन्सचं ग्रीस पातळ होऊन पात्यांवर येतं, मग ती आळसटल्यासारखी हलतात आणि फोटो पांढरे पडतात. आणि जुन्या चामडी डबीत ठेवली असेल तर आजच बाहेर काढा. बुरशीला चामडं फार आवडतं.

पुण्यात_खान्देशी

सगळं विकून सोनी घे भो. जुन्या लेन्सच्या मायेत पडलं की धंदा होत नाही. मी २०१९ ला एका दिवसात सगळं निकॉन काढलं, मागे वळून पाहिलं नाही.

बोरीकाठचा_फोटोवाला (अमळनेर)

पुण्याच्या भाऊ, तुमच्याकडे एका लग्नाचे जेवढे घेतात तेवढ्यात आमच्याकडे लग्न, हळद, वरात आणि वर करिझ्मा अल्बम द्यावा लागतो. एका दिवसात सगळं बदलायला मला तीन सीझन लागतील.

पेचकस भाऊ, १०५ ची पाती पाहिली. टचकन मिटतात. डबी चामडीचीच होती, आईने उन्हात टाकली आहे.

हतनूरचा_बगळा

मी कॅननवाला, त्यामुळे तुमच्या प्रश्नाला थेट उपयोग नाही. तरी सांगतो, कारण स्क्रूचं वाचून बरं वाटलं. आमच्यात ही भानगड कधी आलीच नाही. १९८७ ला ईएफ माउंट आणला तेव्हाच कॅननने मोटर लेन्समध्ये घातली आणि जुन्या एफडी लेन्सवाल्यांना वाऱ्यावर सोडलं. तेव्हा लोकांनी शिव्या दिल्या असणार. आता त्याचंच फळ खातोय. माझी ४०० ५.६ १९९३ च्या डिझाइनची, तिच्यात स्टॅबिलायझर नाही. आर७ वर साधा अडॅप्टर लावून तिचा फोकस आरशाच्या डीएसएलआरपेक्षा चांगला चालतो आणि बॉडीचं स्टॅबिलायझेशन फुकटात.

हतनूर धरणाच्या पाण्यावर हिवाळ्यात पहाटे बदकं उठतात तेव्हा पूर्वी मी एक पॉइंट धरून देवाचं नाव घ्यायचो. आता कॅमेरा स्वतः पक्षी शोधतो. मात्र सायलेंट शटरवर उडत्या पक्ष्याचे पंख वाकडे येतात, सेन्सर वरून खाली वाचेपर्यंत पंख हललेला असतो. मेकॅनिकल शटर लावा, बदकं काही ऐकायला थांबलेली नसतात.

निकॉनवाल्यांनी १९५९ चा माउंट सोडला नाही म्हणून तुमच्या आप्पांची लेन्स आजही लागते, हेही खरंच. दोन्ही कंपन्यांनी कोणाला ना कोणाला रडवलं, फक्त वेळ वेगळी.

केळीपट्टा_वेडिंग (रावेर)

दादा, मी दोन वर्षांपूर्वी डी७५० वरूनच झेड ६ टू वर गेलो. लेन्सचं पेचकस भाऊंनी सांगितलं, मी लग्नातलं सांगतो. हे दुकानात कोणी सांगत नाही.

बॅटरी. डी७५० कागदावर १,२३० फोटो देतो, झेड ६ टू व्ह्यूफाइंडरवर ३४०. प्रत्यक्षात दोन्ही जास्त देतात, पण फरक कळतोच. हळदीपासून पाठवणीपर्यंत मला एका बॅटरीच्या जागी तीन लागतात. चांगली गोष्ट ही की तुमच्या जुन्या ईएन-ईएल१५ बॅटऱ्या यात बसतात, फक्त लवकर संपतात. नव्या 'सी' बॅटरीवर टाइप-सी पॉवर बँकेनेही चार्ज होतो. जेवणाच्या पंगतीत खिशातल्या पॉवर बँकेला लावून ठेवतो.

कार्ड. डी७५० मध्ये दोन्ही एसडी. इथे एक एसडी आणि एक सीएफएक्सप्रेस, म्हणजे वेगळ्या जातीचं कार्ड. त्याचा खर्च बजेटमध्ये आधीच धरा, मी धरला नव्हता.

फ्लॅश. तुमचा जुना फ्लॅश चालेल, पण त्याच्या पुढची लाल जाळी, अंधारात फोकसला मदत करणारी, ती मिररलेसवर पेटत नाही. लाइट गेलेल्या गल्लीत वरात आली की हे आठवेल. आणि स्टुडिओत फ्लॅशचा साधा ट्रिगर लावला की व्ह्यूफाइंडर काळाकुट्ट दिसेल. कॅमेरा बिघडला नाही. 'अप्लाय सेटिंग्ज टू लाइव्ह व्ह्यू' बंद करा.

मांडवातल्या एलईडी. सप्तपदीला आवाज नको म्हणून सायलेंट शटर लावलं तर फोटोवर काळे-पिवळे पट्टे येतात. भटजींना शटरचा आवाज चालतो, डीजे चालतो तिथे शटर काय.

आणि डीजेवरून आठवलं. वरातीतली लेझर. आरशाच्या कॅमेऱ्यात फोटो काढतानाच सेन्सर उघडा पडायचा, यात तो सतत उघडा. गेल्या वर्षी यावलच्या वरातीत हिरवी लेझर थेट लेन्समध्ये आली. दुसऱ्या दिवशी प्रत्येक फोटोत एक उभी रेघ. सेन्सर बदलावा लागला. तेव्हापासून लेझर दिसली की मी पाठ फिरवतो आणि पार्टीला आधीच सांगून ठेवतो.

बजेट, सेकंड हँड वगैरे नंतर बघू. येत्या रविवारी कानबाई आहे, आपला श्रावणातला देवीचा सण. माझी झेड ६ टू आणि एफटीझेड घेऊन जा, सोमवारच्या विसर्जनापर्यंत ठेवा. स्वतःच्या लेन्स लावून पाहा. रोट, कानबाईचा प्रसाद, खायला मात्र बोलवा.

बोरीकाठचा_फोटोवाला (अमळनेर)

रावेरच्या भाऊंचे उपकार. रोट पोचते केले आहेत, वर भाजी पण.

कानबाईचा वृत्तांत देतो. रविवारी रात्री घरात दोन समया आणि एक पिवळा बल्ब. चौरंगावर नारळाची कानबाई, नथ, हार, समोर बायकांची गाणी. १०५ लावली आणि फोकस पीकिंग, म्हणजे शार्प कडा रंगवून दाखवणारी सोय, लाल रंगात चालू केलं. लाल लुगडी, लाल खण, कुंकू. काय शार्प आहे आणि काय नुसतंच लाल आहे, काही कळेना. निळा केला तेव्हा दिसायला लागलं. पण जरीवर पीकिंग सगळीकडेच चमकतं, ते फसवतं. शेवटी पीकिंग बंद केलं, पुढच्या एका बटणाला मोठं करून बघण्याचं काम दिलं. दाबायचं, डोळ्याच्या पापण्या दिसेपर्यंत रिंग फिरवायची, सोडायचं, क्लिक. साठ फोटोंतले एक्केचाळीस शार्प. डी७५० वर याच लेन्सने मला साठात पंधरा मिळायचे.

सोमवारी विसर्जनाला ८०-२०० लावली. बायका डोक्यावर कानबाई घेऊन नदीकडे चालत येतात, मध्येच फुगड्या. चाळीसात सहा. हिरवा चौकोन दिसेपर्यंत माणूस दोन पावलं पुढे आलेला असतो. पेचकस भाऊ, तुमचं शब्दशः पटलं.

आप्पांना व्ह्यूफाइंडरमधून बघायला दिलं. दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, एफएम२ मध्ये आता त्यांना नीट दिसत नाही. बराच वेळ बघत राहिले, मग म्हणाले, "हाई ते टीव्ही शे." (हा तर टीव्ही आहे.) आणि कॅमेरा परत दिला. दहा मिनिटांनी परत मागितला. आप्पांचं दैवत म्हणजे चाळीसगावचे केकी मूस. घरात बसून, टेबलावर वस्तू मांडून त्या माणसाने फोटोग्राफीत नाव काढलं, असं ते मला लहानपणापासून ऐकवतात. आता त्यांनी स्टुडिओच्या काउंटरवर तांब्या, दोन वांगी आणि काळण्याच्या पिठाची परात मांडून ठेवली आहे. गिऱ्हाईक आलं की त्याला पलीकडून बोलायला लावतात.

बोरीकाठचा_फोटोवाला (अमळनेर)

बऱ्याच महिन्यांनी येतोय. धागा अर्धवट सोडायचा नाही म्हणून लिहितो.

कापूस विकल्यावर सेकंड हँड झेड ६ टू घेतला. शटर ३१ हजार, बिलासकट. जुना एफटीझेड, पाय असलेला, कारण तो स्वस्त पडला. एक सीएफएक्सप्रेस कार्ड. सगळं मिळून १ लाख १२ हजार. नवीन लेन्स एकही घेतली नाही. २४-१२० आणि ८५ जी त्यावरच असतात आणि डोळ्याऐवजी नथ शार्प येण्याचा प्रकार बंद झाला. ८५ साठी डी७५० मध्ये फोकसचं फाइन ट्यूनिंग करून ठेवलं होतं, इथे त्याची गरजच नाही, फोकस सेन्सरवरच मोजला जातो.

डी७५० विकला नाही. तो आता ८०-२०० चा कॅमेरा आहे, तिच्यासोबतच राहतो. दोन्ही विकून जे तीसेक हजार आले असते त्यात मला मोटरवाली ७०-२०० मिळाली नसती. त्याचं शटर ज्या दिवशी जाईल त्या दिवशी ८०-२०० चा विचार करू.

दत्तजयंतीला सारंगखेड्याला घोड्यांच्या बाजाराला गेलो होतो. घोड्यांच्या चाली बघायच्या तर डी७५० आणि ८०-२००, घर्रर्र करत का होईना, तिनेच काम केलं. घोड्यांच्या व्यापाऱ्यांचे चेहरे मात्र सगळे १०५ वर. फेटे, मिशा, तापीवरून येणारं सकाळचं ऊन. माणूस चहा पीत निवांत बसलेला असतो, त्यामुळे फोकस करायला भरपूर वेळ. एका म्हाताऱ्या व्यापाऱ्याने लेन्स हातात घेऊन दात तपासावेत तशी पाहिली आणि विचारलं, "कितनेकी है?" सांगितलं, विकायची नाही. तो हसला. म्हणे इथे सगळे आधी असंच बोलतात.

धुळीचा प्रश्न खरा आहे. झेड ६ टू बंद केला तरी शटर सेन्सरवर येत नाही, लेन्स काढली की सेन्सर उघडाच. घोडे उधळले तेव्हा मी नेमकी लेन्स बदलत होतो. घरी येऊन आभाळात सात ठिपके मोजले. ब्लोअरने पाच गेले, उरलेल्या दोन ठिपक्यांसाठी पेचकस भाऊंकडे धुळ्याला चक्कर मारतो.

त्यांना एक विचारायचं राहिलं. त्या गडबडीत एफटीझेडचं मागचं झाकण घोड्यांच्या पायाखाली गेलं. झेड लेन्सचं मागचं झाकण त्याला बसेल ना? की वेगळं मागवावं लागतं?

पेचकस_धुळे

तेच बसतं. माझ्याकडे दोन पडून आहेत, एक घेऊन जा. येताना १०५ आणा, मला एकदा बघायची आहे.